मुलांची पार्टी घरात. मग आई-बाबा कुठे?

बारावीची परीक्षा संपली, सीईटी आणि नीट आटोपली, की मे-जूनमध्ये सोलापुरातल्या बऱ्याच घरांत एकच वाक्य ऐकू येतं. ‘आम्ही सगळे एकदा भेटतो ना, कुणाच्या तरी घरी.’ मागणीमागचं कारण खरं असतं. पावसाळा संपेपर्यंत या ग्रुपमधले निम्मे पुण्याला गेलेले असतात, कुणी हैदराबाद, कुणी बेंगळुरू. आठवीपासून एकाच क्लासला जाणारी ही मुलं पुन्हा एकत्र भेटणार ती थेट दिवाळीत, तीही सगळी येतील याची खात्री नाही.

पालकांपुढे तेव्हा तीन पर्याय असतात. सरळ नाही म्हणायचं. हो म्हणून घर मुलांच्या ताब्यात द्यायचं आणि स्वतः सिनेमाला किंवा नातेवाइकांकडे निघून जायचं. किंवा हो म्हणायचं आणि घरातच थांबायचं. पहिल्या पर्यायात पार्टी रद्द होतेच असं नाही. बऱ्याचदा ती पुणे रोड नाहीतर तुळजापूर रोडवरच्या ढाब्यावर जाते आणि रात्री अकरा वाजता हायवेवरून ट्रिपल सीट परत येते. दुसरा पर्याय पालकांना मोकळ्या मनाचा वाटतो, मुलांनाही आवडतो, पण कायद्याच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीनं तोच सर्वांत कच्चा आहे. उरतो तिसरा. तो नीट कसा निभवायचा, हे समजून घेऊ.

पार्टी मुलांची, गुन्हा कुणावर?

पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे कारनं दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव गेला. कार चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. बारावीच्या निकालाचं सेलिब्रेशन करून मित्रांसोबत तो पबमधून निघाल्याचं तपासात समोर आलं. लोकांच्या लक्षात राहिला तो ३०० शब्दांचा निबंध आणि ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप. पालकांनी मात्र वेगळी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पोलिसांनी मुलाच्या वडिलांवर आणि पबच्या मालक-व्यवस्थापकांवरही बाल न्याय कायद्याखाली गुन्हा दाखल केला होता.

हा कायदा २०१५ चा आहे. त्याचं कलम ७७ सांगतं की, १८ वर्षांखालील मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ जो कुणी देईल किंवा द्यायला लावेल, त्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपवाद फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याचा. या कलमाला पब, बार किंवा दुकानाची अट नाही. आपल्या हॉलमध्ये मुलाच्या मित्राच्या हातात बिअरचा ग्लास देणारे काकाही ‘जो कुणी’मध्ये येतात. याच कायद्याच्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याच्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला त्रास होऊ दिला, तर ३ वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते.

‘पण आमचा मुलगा १८ पूर्ण आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही. एक तर बारावीच्या कुठल्याही ग्रुपमध्ये निम्मी मुलं १७ ची आणि निम्मी १८ ची असतात, वाढदिवस काही एकाच महिन्यात येत नाहीत. दुसरं म्हणजे महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ पासून लागू आहे आणि त्याखालच्या नियमांनुसार बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, तर इतर दारूसाठी २५ आहे. मतदान करता येतं म्हणून ग्लास हातात घेता येत नाही.

सिगारेट आणि हुक्का या प्रकारांचंही तेच. मुंबईतल्या कमला मिल आगीनंतर २०१८ मध्ये राज्यानं हुक्का पार्लरवर बंदी आणली. मग काही ठिकाणी हुक्क्याची भांडी भाड्यानं घरी यायला लागली. घरात तो ओढणाऱ्यांत १८ खालचं कुणी असेल, तर वर सांगितलेलं कलम ७७ तसंच्या तसं लागू शकतं. अंमली पदार्थांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. आपल्या जागेत त्यांचा वापर होतोय हे माहीत असून होऊ दिला, तर घराचा मालक किंवा तिथे राहणाराही आरोपी होतो. ‘आपल्या सोलापुरात असलं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२३ आठवावा. शहरापासून जवळच असलेल्या चिंचोली एमआयडीसीतल्या कारखान्यावर तेव्हा मुंबई पोलिसांनी छापा टाकून मेफेड्रोन पकडलं होतं.

‘बाहेर पिण्यापेक्षा घरात, आपल्यासमोर घेऊ दे’

हा युक्तिवाद शिकलेल्या घरांत जास्त ऐकू येतो. ऐकायला समंजस वाटतो, म्हणूनच त्यावर थोडं थांबायला हवं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १,९२७ मुलं आणि त्यांच्या पालकांचा २०१० ते २०१६ अशी सहा वर्षं पाठपुरावा केला. तो अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न नेमका हाच होता: पालकांनी स्वतः थोडी दारू दिली, तर मुलं पुढे जपून पितात का? तसा कोणताही पुरावा मिळाला नाही. उलट, ज्यांना घरून दारू मिळत होती, ती मुलं पुढच्या वर्षी बाहेरूनही ती मिळवण्याची शक्यता जास्त होती आणि दारूमुळे होणारे त्रासही त्यांच्यात जास्त दिसले. घरातला पहिला ग्लास बाहेरच्या ग्लासाची जागा घेत नाही, बहुतेक वेळा त्यात भर घालतो.

आइसलँडनं उलट्या दिशेनं काम केलं. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के जणांनी ‘गेल्या महिन्यात नशा होईपर्यंत प्यायलो’ असं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यामागे खेळ आणि कलांच्या वर्गांसाठी सरकारी पैसा होता, रात्री मुलांनी बाहेर थांबण्यावर वेळेची बंधनं होती. पण आपल्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट म्हणजे शाळेमार्फत पालकांनी एकमेकांशी केलेला लेखी करार. त्यात काय होतं? मुलांसाठी दारू आणणार नाही. मोठं माणूस घरात नसताना मुलांची पार्टी होऊ देणार नाही. आणि दुसऱ्यांच्या मुलांवरही लक्ष ठेवू.

आपल्याकडे कागदावर सही करायला कुणी तयार होणार नाही, आणि तशी गरजही नाही. पार्टीच्या चार दिवस आधीचे काही फोन तेच काम करतात.

फोन कुणाला, कशासाठी?

येणाऱ्या प्रत्येकाच्या आईला किंवा वडिलांना यजमान पालकांनी स्वतः फोन करावा. मुलांच्या तोंडी निरोप नको. बोलणं दोन मिनिटांचं असतं: ‘ताई, शनिवारी मुलं आमच्याकडं येतायत. साडेसहा ते दहा. आम्ही दोघंही घरी आहोत. दारू-सिगारेट काही नाही. दहाला न्यायला तुम्ही येताय की आम्ही सोडू?’ सोलापुरात हे फोन मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनीतही होतात, आणि आपल्या भाषेत बोललं की समोरच्या घरातला ताण लगेच उतरतो. विशेषतः मुलींच्या घरी. ‘कुणाच्या घरी, कोण कोण, किती वाजेपर्यंत’ हे प्रश्न मुलीला आठ वेळा विचारले जातात आणि मुलाला एकदाही नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. फोन मात्र दोघांच्याही घरी करावा.

याच फोनमध्ये खाण्याचं विचारून घ्या. एकाच ग्रुपमध्ये जैन, लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम अशी सगळीच घरं असतात. केक बिनअंड्याचा आणला, कांदा-लसणाशिवाय एक पदार्थ ठेवला आणि मांसाहारी काही असेल तर त्याचं टेबल आणि चमचे वेगळे ठेवले, की कुणाला कोपऱ्यात बसून नुसते वेफर्स खावे लागत नाहीत.

पाहुण्यांची संख्या मात्र आधी ठरवा आणि ठाम राहा. नेदरलँड्समधल्या हारेन या छोट्या गावात एका मुलीनं सोळाव्या वाढदिवसाचं निमंत्रण फेसबुकवर टाकलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं राहून गेलं. २१ सप्टेंबर २०१२ च्या संध्याकाळी त्या गावात हजारो अनोळखी तरुण उतरले, दुकानं फुटली, दंगल झाली. आपल्याकडे इतकं होणार नाही, पण इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर लोकेशन टाकलं की ‘मित्राचा मित्र’ म्हणून चार बाइक गेटपाशी येऊन उभ्या राहतात. त्यामुळे स्टोरी टाकायची असेल तर पार्टी संपल्यावर. ज्यांचे फोटो त्यांना विचारून. ही अट मुलांनी स्वतःच ग्रुपवर लिहिली तर ती पाळली जाते, आईनं सांगितली तर बहुतेक नाही.

घरात थांबायचं, पण हॉलमध्ये बसायचं नाही

१७ वर्षांच्या मुलांच्या मैफलीत आई-बाबा सोफ्यावर बसले, तर अर्ध्या तासात सगळ्यांना घरी जाण्याची कारणं सुचतात. आणि पालक घरातच नसले, तर काय होतं ते वर आलंच. मधला मार्ग म्हणजे स्वयंपाकघर. दर वीस-पंचवीस मिनिटांनी काहीतरी घेऊन आत जायचं: बर्फ, पापड, गरम पाव, रिकाम्या ताटल्या उचलणं. पार्क चौपाटीवर उभ्यानं तीन प्लेट संपवणारी ही पोरं आहेत, त्यामुळे आत जायला निमित्त कमी पडत नाही. पावभाजी हा यासाठी उत्तम पदार्थ, तो एका वेळी वाढून संपत नाही आणि भाजी सतत गरम करावी लागते.

पेयं सगळी घरचीच ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत वोडका मिसळून आणणं ही जुनी युक्ती आहे आणि रंगावरून ती ओळखू येत नाही. बाहेरून आलेली बाटली सीलबंद असेल तरच फ्रीजमध्ये. ‘पाच मिनिटांत खाली जाऊन येतो’ म्हणत तिघं-चौघं सारखी ये-जा करत असतील, तर दुसऱ्यांदा प्रेमानं विचारा. एकदा गेला तो घरी गेला, हा नियम सुरुवातीलाच सांगून ठेवला तर भांडण होत नाही.

आणखी एक कपाट. वडिलांच्या कपाटात एखादी बाटली असेल तर ती त्या दिवशी घरात नको, किंवा कुलपात हवी. आजीच्या झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्याही तिथेच ठेवा. त्या संध्याकाळी यजमान पालकांनी स्वतःही पिऊ नये, यात उपदेशाचा भाग कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे: रात्री कुणाला तरी गाडीनं सोडायची वेळ येऊ शकते.

बेडरूमची दारं उघडी ठेवा. हे नाजूक आहे, पण बोलायला हवं. पॉक्सो कायदा १८ खालच्या मुलाची किंवा मुलीची ‘संमती’ मानत नाही, दोघं एकाच वर्गातली असली तरी. ही माहिती मुलांना पोलीस ठाण्यात नव्हे, घरात मिळालेली बरी.

आणि पाणी. सोलापुरात तारीख ठरवताना आधी नळाचा दिवस बघावा लागतो, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. वीस जणांचे हात, भांडी आणि बाथरूम म्हणजे टाकी रिकामी. पाणी काही दिवसांआड येत असेल, तर पार्टी पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी.

स्पीकर, कूलर आणि शेजारी

ध्वनी प्रदूषण नियम २००० चे आहेत. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० मर्यादा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५. खासगी साउंड सिस्टीमचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलपर्यंतच जास्त चालतो. म्हणजे दहापर्यंत ६०, दहानंतर ५०. तुलनेसाठी, समोरासमोर बसून आपण बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. दहानंतर कंपाउंडच्या भिंतीपाशी गाण्याचा आवाज साध्या बोलण्यापेक्षाही कमी हवा.

आता थोडं गणित, कारण इथेच सगळे चुकतात. डेसिबल हे सरळ मोजमाप नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. मुलं आणतात तो चाकांचा पार्टी स्पीकर एका मीटरवर ९५ डेसिबल देत असेल, तर गच्चीवर ८ मीटर अंतरावर ७७ उरतात. म्हणजे गच्चीवर असा स्पीकर दिवसाही नियमात बसत नाही.

मग हॉलमध्ये दारं-खिडक्या लावून? मुंबईत चालेल. सोलापूरच्या मे महिन्यात कूलरला खिडकी उघडी लागते. ती बंद केली की हॉलमध्ये दमट भट्टी तयार होते आणि वीस मिनिटांत सगळी मुलं बाल्कनीत येऊन ओरडायला लागतात. एसी नसेल तर उपाय एकच, छोटा स्पीकर. तो शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकवू नका, कारण ढोलाचा ठोका भिंतीतून आणि स्लॅबमधून पलीकडे जातो. खाली जाड घडी घाला. चादरींना आपल्या शहरात तोटा नाही. वरच्या-खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा आणि पावणेदहाला गाणी बंद करा. मिरवणुकांमधल्या डीजेनं आधीच वैतागलेल्या शेजाऱ्यांना ११२ वर फोन करायला फार वेळ लागत नाही.

विजेचंही बघा. २००० वॉटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर खेचते. साधा एक्स्टेंशन बोर्ड बहुधा ६ अँपिअरचा असतो. त्याच बोर्डावर कूलर, स्पीकर आणि शेगडी लावली तर वायर तापते, आणि कूलरच्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीवर हे अजिबात नको. केकवरच्या फवारणाऱ्या मेणबत्त्या, फेसाचे स्प्रे आणि गॅसचे फुगे एकाच टेबलाभोवती ठेवू नका. अनेक स्प्रेमध्ये पेट घेणारा वायू असतो, आणि रस्त्यावर मिळणाऱ्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन.

परतीचा रस्ता

पार्टीतला सर्वांत धोक्याचा भाग घराबाहेर असतो, शेवटच्या वीस मिनिटांत. १६ ते १८ वयातल्या मुलांना परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. घराघरांत उभ्या असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. म्हणजे १७ वर्षांची जी मुलं गाडीवर येतात, ती जवळपास सगळीच विनापरवाना.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १९९-अ यासाठी वाचायला हवं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकांना सिद्ध करावं लागतं. ‘मालक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पार्टीतला एखादा मुलगा ‘काका, तुमची गाडी घेऊन बर्फ आणतो’ म्हणाला आणि आपण चावी दिली, तर मालक आपण असतो.

सोलापुरात रात्री उशिरा रिक्षा मिळवणं कठीण, बसचा भरवसा नाही. त्यामुळे न्यायला येणाऱ्या पालकांची यादी दुपारीच तयार हवी: होटगी रोडची तिघं एका गाडीत, जुळे सोलापूरची चौघं दुसऱ्या. ज्यांच्याकडे परवाना आहे आणि जे स्वतःच्या गाडीवर आलेत, त्यांच्या चाव्या दारापाशी एका डब्यात ठेवून घ्या. निघताना चावी देणारं माणूस समोरच्याचे डोळे आणि चाल बघतं, त्याच्याशी दोन वाक्यं बोलतं. तेवढंच पुरतं.

कुणी पिऊन आलंच तर?

त्याला दारातून परत पाठवू नका. तो गाडीवर बसून जाईल. आत घ्या, बसवा, त्याच्या घरी फोन करा. इतरांसमोर रागावणं टाळा, कारण पुढच्या वेळी कुणाला खरंच त्रास झाला तर हीच मुलं घाबरून लपवतील. ‘कुणाला बरं वाटत नसेल तर आधी आम्हाला सांगा, चौकशी नंतर’ हे पार्टी सुरू होतानाच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.

हलवूनही जागं न होणं, बेशुद्धीत उलटी, झटके, अंग थंड पडून ओठ निळसर होणं, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी किंवा दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त अंतर, यातलं एकही दिसलं तर ‘झोपला की उतरेल’ म्हणत थांबू नये. लिंबूपाणी, कॉफी किंवा ताक पाजू नये, अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जातं. अंगावर थंड पाणीही ओतू नये. त्याला डाव्या कुशीवर वळवावं, डोक्याखाली हात ठेवावा आणि एकानं सतत जवळ बसावं.

रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर नुसतं सोसायटीचं नाव सांगू नका, नगरांची नावं एकमेकांसारखी असतात. जवळचा चौक, देऊळ किंवा शाळा सांगा, आणि लोकेशन पाठवलं तरी घरातल्या एकाला मोबाइलचा टॉर्च लावून गेटवर उभं करा.